सुमो-एलएल-३७, सोलापूर: प्रकल्प नोंदी (जानेवारी ते जून)

२० जानेवारी

गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) सुट्टी संपली, नोंदी आजपासून. काम असं: माणसाच्या पांढऱ्या पेशींत आणि त्वचेत तयार होणारं एलएल-३७ हे सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइड ई. कोलायकडून बनवून घ्यायचं, शुद्ध करायचं, आणि ते जिवाणू मारतं का हे कंट्रोल (तुलनेसाठी पेप्टाइडविना केलेला तोच प्रयोग) लावून तपासायचं. ३७ अमिनो आम्लं, वजन ४,४९३ डाल्टन. धनभारित सहा लायसीन आणि पाच आर्जिनीन, ऋणभारित पाच आम्लधर्मी, म्हणजे निव्वळ भार +६. या +६ कडे सुरुवातीला आम्ही फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक घोटाळ्याच्या मुळाशी तोच निघाला.

पेप्टाइड मोकळं बनवलं तर ते बनवणाऱ्या जिवाणूलाच मारेल किंवा जिवाणूचे प्रोटिएज (प्रथिनं कापणारी एन्झाइमं) पेप्टाइडचा फडशा पाडतील. म्हणून पुढे सुमो हे यीस्टचं प्रथिन जोडायचं आणि शेवटी युएलपी-१ एन्झाइमने कापायचं. युएलपी-१ दोन ग्लायसीनच्या लगेच पुढे कापतं, त्यामुळे पेप्टाइडला शेपूट राहत नाही. होस्ट म्हणजे ई. कोलायचा बीएल२१ (डीई३) हा वाण: त्यात लॉन आणि ओम्प-टी हे दोन प्रोटिएज मुळातच नाहीत. प्लाझ्मिड (जीन वाहून नेणारं डीएनएचं कडं) कॅनामायसीन या प्रतिजैविकाला दाद न देणारं, मीडियममध्ये ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला अर्ज आधीच दिला होता. काम सर्वांत खालच्या जोखीम-गटातलं आहे, तरी कागद हातात आल्याशिवाय पहिली प्लेट ओतली नाही. हे घरच्या ओट्यावर करायचं काम नाही. सगळं कल्चर आणि टिप्स १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करून मगच बाहेर जातात.

३ फेब्रुवारी

जीन विकत न घेता चार ओलिगोंतून (डीएनएच्या लहान तुकड्यांतून) जोडला. प्रत्येक साठच्या आसपास बेसचा, एकमेकांवर वीसचा ओव्हरलॅप. आर्जिनीनसाठी एजीए आणि एजीजी हे कोडॉन (तीन बेसचे शब्द) टाळले, कारण ई. कोलायकडे ते वाचणारे टीआरएनए कमी असतात. पाचही ठिकाणी सीजीटी किंवा सीजीसी.

पार्सलमधली जेल पॅक वितळून कोमट झाली होती. कोरडे ओलिगो त्याने बिघडत नाहीत. पण त्याच डब्यात लायगेज (डीएनए सांधणारं एन्झाइम) होतं, ते वाया गेलं असं धरून जुन्या बाटलीतलं वापरलं. एन्झाइम मागवताना आता शुक्रवारी निघणारं पार्सल घेत नाही. शनिवार-रविवार गोदामात पडून राहतं.

११ फेब्रुवारी

आठ कॉलन्यांचं सिक्वेन्सिंग केलं. तीन बरोबर, चारमध्ये एकेक बेस गायब, एक रिकामं प्लाझ्मिड. स्वस्तातल्या लांब ओलिगोंत हे व्हायचंच, तेव्हा सहापेक्षा कमी कॉलन्या पाठवू नका.

खरी चूक कागदावर सापडली. आम्ही बॅम-एच-वन या एन्झाइमच्या जागी प्लाझ्मिड कापून जीन बसवला. ती जागा वाचताना ग्लायसीन-सेरीन होते. म्हणजे युएलपी-१ कापल्यावर पेप्टाइडच्या डोक्यावर एक सेरीन राहणार, वजन ८७ डाल्टनने वाढणार. बरेच लोक ते चालवून घेतात. पण पहिली दोन ल्युसीन हीच नावातली ‘एलएल’, त्यांच्याआधी काही नको होतं. उलट दिशेचे दोन प्रायमर घेऊन संपूर्ण प्लाझ्मिडचा पीसीआर केला आणि ते तीन बेस काढले. यात अकरा दिवस आणि दोन हजार रुपये गेले. ऑर्डर देण्याआधी जोडाच्या जागेचं भाषांतर हाताने लिहून बघितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

२४ फेब्रुवारी

सुमोशिवाय थेट पेप्टाइडही बनवून बघितलं, मुख्यतः ‘होतच नाही’ याची खात्री करायला. होत नाही. इंडक्शननंतर (जीन चालू केल्यावर) ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा, ०.७ वरच अडून बसला, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर बँड नाही. हा रस्ता बंद.

४ मार्च

सुमो-पेप्टाइड, पहिलं इंडक्शन. ओडी ०.६ ला १ मिलिमोलर आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन), ३७ अंश, चार तास. बँड दणदणीत आला. हिशेबाने १८ किलोडाल्टन हवा, दिसला २२ च्या जवळ. घाबरायचं कारण नाही, सुमो जेलवर जड दिसतो. पण पेशी फोडून फिरवल्यावर निम्म्याहून जास्त प्रथिन खाली गाळात बसलं.

शिवाय रात्रभराच्या सुरुवातीच्या कल्चरमध्ये इंडक्शनआधीच हलका बँड दिसत होता. कल्चरमध्ये १ टक्का ग्लुकोज घातल्यावर ती गळती थांबली. ग्लुकोज वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा. एकत्र शिजवलं की मीडियम चहासारखा तांबूस होतो.

८ मार्च

विरघळलेला भाग निकेल रेझिनवरून (प्रथिनातल्या हिस्टिडीनना धरणारे मणी) घेतला, ती पकड सोडवणाऱ्या २५० मिलिमोलर इमिडाझोलने उतरवला, बॅसिलस सब्टिलिसच्या प्लेटवर खड्ड्यात ५० मायक्रोलिटर टाकला. सकाळी १४ मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे तेवढ्या भागात जिवाणू वाढले नव्हते. फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

११ मार्च

फोटो मागे घेतले.

रिकाम्या प्लाझ्मिडच्या पेशी अगदी त्याच पद्धतीने फोडून, त्याच रेझिनवरून नेऊन, तेच इल्युशन (रेझिनवरून उतरलेला द्रव) प्लेटवर टाकलं. वर्तुळ १३ मिलिमीटर. नुसता २५० मिलिमोलर इमिडाझोलचा बफर टाकला, ११ मिलिमीटर. मारत होतं इमिडाझोल, थोडाफार हातभार मीडियममधून आलेल्या कॅनामायसीनचा असणार. तसंही सुमो जोडलेलं असताना पेप्टाइड जवळपास निष्क्रिय असतं, म्हणजे त्या वर्तुळावर विश्वास ठेवायला मुळात जागाच नव्हती. यापुढे रिकाम्या प्लाझ्मिडची नळी प्रत्येक प्रयोगात सोबत. हे लिहायला सोपं आहे, पण खर्च आणि वेळ जवळपास दुप्पट होतो. तरी करा.

२० मार्च

प्रथिन गाळात बसू नये म्हणून १८ अंशांवर, ०.२ मिलिमोलर आयपीटीजीने, सोळा तास इंडक्शन करायचं होतं. आमच्या शेकरला फक्त हीटर आहे, खोलीच्या तापमानाखाली तो जात नाही. आणि खोली मार्चमध्येच ३४ वर. कूलिंग शेकरच्या किमतीत हा अख्खा प्रकल्प तीनदा झाला असता.

उपाय: सिंगल-डोअर जुना फ्रिज, ३,५०० रुपये. फळ्या काढल्या, आत लहान ऑर्बिटल शेकर ठेवला. फ्रिजचा थर्मोस्टॅट बाजूला सारून बाहेर डिजिटल कंट्रोलर लावला, तो सातशेला मिळाला. पहिल्या रात्री तीन गोष्टी बिघडल्या.

कंट्रोलरचा प्रोब हवेत टांगला होता. दार उघडलं की आकडा उडायचा, कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी चालू-बंद. प्रोब १०० मिलि पाण्याच्या बाटलीत बुडवला, फरक १ अंश आणि कॉम्प्रेसरला पाच मिनिटांचा विलंब लावला. आता १७.५ ते १९ मध्ये राहतं. कल्चरही पाणीच, त्याचं तापमान पाण्यात मोजायला हवं, हे सुचायला रात्र गेली.

दुसरं, वरच्या फ्रीझरचं दव थेंब थेंब शेकरच्या सर्किटवर पडलं आणि शेकर पहाटे तीनच्या सुमारास बंद पडला. न हललेलं कल्चर तळाला बसलं, वास आंबूस. सर्किटचा डबा फ्रिजच्या बाहेर काढला. फ्रिजच्या बाजूला कुठेही ड्रिल मारू नका, भिंतीत गॅसची नळी असू शकते. आम्ही दाराच्या रबरी गॅस्केटच्या कोपऱ्यातून केबल घेतली आणि फटीत टॉवेल कारखान्याची चिंधी दाबून बसवली. गावात ती किलोवर मिळते, थर्माकोलपेक्षा बरी बसते.

तिसरं, दोन लिटरचा फ्लास्क मावत नाही. ५०० मिलिचे चार फ्लास्क, प्रत्येकी फक्त १०० मिलि कल्चर. जास्त भरलं की हवा कमी पडते. एका वेळी ४०० मिलि एवढीच आमची मजल.

२ एप्रिल

१८ अंशांवर गाळ जवळजवळ गेला. ४०० मिलितून २.४ ग्रॅम ओल्या पेशी.

आता नवी अडचण. सोनिकेशननंतरचा (ध्वनिलहरींनी पेशी फोडल्यावरचा) द्रव शेंबडासारखा, पिपेटमधून तार धरणारा. सोनिकेशन १० सेकंद चालू, २० सेकंद बंद, बीकर बर्फात, तरीही. निकेलवरून उतरलेल्या भागाचं २६०/२८० गुणोत्तर (त्या दोन तरंगलांबींवर शोषल्या गेलेल्या प्रकाशाचं) १.९. म्हणजे डीएनए-आरएनए सोबत येतंय. +६ भाराचं पेप्टाइड ऋणभारित डीएनएला चिकटणारच.

एक सावधगिरी: २८० नॅनोमीटरचा प्रकाश मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन शोषतात. एलएल-३७ मध्ये ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसीनही नाही. सुमोमध्ये ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसीन एकच. त्यामुळे २८० वरचं वाचन आमच्यासाठी जवळपास आंधळं, आणि थोडासा डीएनएही ते गुणोत्तर खूप बिघडवतो. प्रथिन मोजायला ब्रॅडफर्ड ही रंगाची चाचणी वापरली.

दुरुस्ती: लायसिस बफरमध्ये मीठ ३०० वरून ५०० मिलिमोलर, डीएनेज (डीएनए कापणारं एन्झाइम) आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम. मग रेझिनवर बसल्यावर १ मोलर सोडियम क्लोराइडने दहा कॉलम-आकारमान धुणं, त्यानंतर २० मिलिमोलर इमिडाझोल. गुणोत्तर १.१ वर आलं. प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ आयत्या वेळी घाला; पीएच ८ च्या पाण्यात ते तासाभरात निकामी होतं. ईडीटीए तर घालूच नका, निकेल खेचून नेतं आणि रेझिन पांढरं पडतं. आमचं पाच मिलि असंच पांढरं झालं, निकेल सल्फेटने पुन्हा भरून घेतलं.

१२ एप्रिल

सर्वांत महागडी रात्र.

१४ मिलिग्रॅम सुमो-पेप्टाइड हातात होतं. त्यात पेप्टाइडचा वाटा वजनाच्या पाव, म्हणजे साडेतीन मिलिग्रॅम. युएलपी-१ आम्हीच बनवलेलं (४०३ ते ६२१ एवढाच तुकडा, तोही निकेलवर शुद्ध होतो), प्रमाण १:१००, १ मिलिमोलर डीटीटी. इमिडाझोल १५० मिलिमोलरच्या वर गेलं की युएलपी-१ मंदावतं, म्हणून कापणं आणि डायलिसिस (सच्छिद्र नळीतून लहान रेणू बाहेरच्या बफरमध्ये जाऊ देणं) एकत्रच, ४ अंशांवर रात्रभर, दोन लिटर बफरमध्ये. नळी कपाटात होती ती, १२ ते १४ किलोडाल्टनची, म्हणजे त्याहून लहान रेणू बाहेर जाऊ देणारी.

सकाळी जेल: न कापलेल्या सुमो-पेप्टाइडचा बँड पूर्ण नाहीसा, सुमोचा बँड हजर. कटिंग शंभर टक्के. पेप्टाइड कुठेच नाही.

न कापलेलं प्रथिन १८ किलोडाल्टनचं, ते नळीत राहतं. कापलेलं साडेचार किलोडाल्टनचं, ते छिद्रातून आरामात बाहेर. रात्रभर आम्ही पेप्टाइड मोकळं करत होतो आणि ते बादलीत जात होतं. बादलीतला बफर सकाळी जेल बघण्याआधीच बेसिनमध्ये ओतलेला.

१५ एप्रिल

आधी जेलवर संशय घेतला होता, कारण १५ टक्क्यांच्या नेहमीच्या ट्रिस-ग्लायसीन जेलवर इतकं लहान काही नीट दिसत नाही. १६.५ टक्क्यांचं ट्रायसीन जेल ओतलं. ही पद्धत १९८७ पासून लहान पेप्टाइडसाठीच आहे. स्टेनिंगमध्ये पेप्टाइड धुऊन जाऊ नये म्हणून आधी ५ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये अर्धा तास. धूर-कपाटातच करा, डोळे चुरचुरतात.

नशीब, त्या रात्री ५० मायक्रोलिटर डायलिसिसविना वेगळ्या नळीत कापायला ठेवले होते. त्या लेनमध्ये साडेचारच्या जागी फिकट, रुंद पट्टा. डायलिसिसवाल्या लेनमध्ये काही नाही. वाद मिटला.

साडेतीन किलोडाल्टनची नळी मागवता आली असती. त्याऐवजी डायलिसिसच काढून टाकलं. इल्युशनमध्ये चौपट होईल इतका इमिडाझोल-मीठ नसलेला बफर मिसळला, २५० चे ६२ मिलिमोलर झाले, युएलपी-१ ला ते चालतं. ३० अंशांवर दोन तासांत काम होतं. कापल्यावर द्रव दुधाळ झाला. सुमो आम्लधर्मी, पेप्टाइड अल्कधर्मी, दोघं एकमेकांना धरून बसतात. मीठ ५०० मिलिमोलरला नेल्यावर दुधाळपणा गेला. तो गाळ समजून सेंट्रिफ्यूज करू नका, माल त्यातच असतो.

५ मे

दुपारी बाहेर ४३. खोलीत कॉलम चालवला तर सुमोच्या वर दोन तिरके बँड आले, म्हणजे पेप्टाइडची शेपटी कुरतडली गेली. कोल्डरूम नाही. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती कॉलमभोवती उलटी बसवली, बूच कॉलमच्या टोकाला टेपने बंद, आत बर्फ. बर्फ कारखान्यातून लादी आणतो, जिथून रसवंतीवाल्यांना जातो तिथूनच. शंभर रुपयांत दोन दिवस पुरतो. शिवाय कॉलमचं काम सकाळी सहाला सुरू करून नऊच्या आत संपवायचं. हे दोन्ही केल्यापासून कुरतडलेले बँड नाहीत.

लाइट दोनदा गेली. शेकर इन्व्हर्टरवर आहे, कॉम्प्रेसर नाही. पाण्याच्या चार बाटल्या गोठवून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, पाऊण तास निभावतं.

पाण्याचंही लिहून ठेवतो. नळाचं पाणी नसतं त्या दिवशी बोअरचं डिस्टिलेशन युनिटमध्ये जातं आणि हीटरवर बोटभर जाड पांढरा थर. लिंबूसत्त्वाच्या १० टक्के द्रावणात रात्रभर ठेवलं की सुटतो. एचपीएलसीला मात्र पाणी विकतचं.

२१ मे

दुसऱ्यांदा निकेलवरून न्यायचा बेत सोडला, कारण ६२ मिलिमोलर इमिडाझोलमध्ये सुमो रेझिनला घट्ट धरत नाही. ०.१ टक्का टीएफएने (ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाने) आम्लीय करून थेट सी-१८ कार्ट्रिजवर (पाण्यापासून दूर राहणारे रेणू धरणारा लहान कॉलम). २० टक्के ॲसिटोनायट्राइलला मीठ, इमिडाझोल जातं. ६० टक्क्यांना पेप्टाइड आणि सुमो उतरतात. मग एचपीएलसी (उच्च दाबाच्या कॉलमवर रेणू वेगळे करणं), वाचन २१४ नॅनोमीटरवर. २८० वर बघत बसाल तर शिखर दिसणारच नाही. दोन शिखरं स्वच्छ वेगळी.

वस्तुमान बाहेरून मोजून आलं: ४,४९३. सेरीन काढल्याचे अकरा दिवस वसूल.

३ जून

गोठवून सुकवलं, वजन १.४ मिलिग्रॅम. त्यातलं सगळं पेप्टाइड नाही. अकरा लायसीन-आर्जिनीन आणि एक एन-टोक, असे बारा धनभार, आणि प्रत्येकाला एक टीएफए चिकटू शकतो. बारा गुणिले ११४ म्हणजे १,३६८ डाल्टन, वजनाच्या २३ टक्क्यांपर्यंत. टीएफए स्वतः पेशींना त्रासदायकही असतो. म्हणून १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून पुन्हा सुकवलं, असं तीनदा. एचपीएलसीवर विकतच्या शुद्ध एलएल-३७ शी ताडून खरं पेप्टाइड १.१ मिलिग्रॅम भरलं. म्हणजे लिटरला पावणेतीन. साडेतीनातले १.१ म्हणजे सत्तर टक्के अजून वाटेत सांडतंय.

९ जून

मारक चाचणी, ई. कोलाय के-१२ वर. पहिल्या खेपेला नेहमीच्या पॉलिस्टायरीनच्या ९६-खड्डी प्लेटमध्ये एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिलि आली, विकतच्या पेप्टाइडचीही तेवढीच. विकतचं सोबत नसतं तर आपला माल कमअस्सल म्हणून पुन्हा शुद्धीकरणाला लागलो असतो. पेप्टाइड प्लास्टिकला चिकटत होतं. पॉलिप्रोपिलीनची प्लेट घेतली, पातळ करायला ०.०१ टक्के ॲसिटिक आम्लात ०.२ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन). दोन्हींची एमआयसी १६. रिकाम्या प्लाझ्मिडच्या नळीत त्याच खड्ड्यांत भरघोस वाढ.

खड्ड्याच्या प्लेटवरही पुन्हा बघितलं. साध्या आगरवर वर्तुळ जेमतेम ४ मिलिमीटर, कारण आगरमधले सल्फेट गट धनभारित पेप्टाइड धरून ठेवतात. कमी-ईईओ ॲगरोजवर (ज्यात असे भारित गट कमी असतात), पातळ मीडियममध्ये, ११ मिलिमीटर. मार्चमधलं वर्तुळ साध्या आगरवर १४ चं होतं, हे आता बघितलं की कसंसंच होतं.

१२ जून

खर्च ६२,२०० रुपये. मोठे आकडे: निकेल रेझिन १३,५००, विकतचं पेप्टाइड ११,५००, किरकोळ रसायनं ७,८००, सी-१८ कार्ट्रिज ६,४००, सिक्वेन्सिंगच्या १४ नळ्या ६,३००, फ्रिजचा सगळा संसार ४,९००. विकतच्या पेप्टाइडवर काटकसर करू नका. सी-१८ कार्ट्रिज मेथॅनॉलने धुऊन चारदा वापरता येतात.

उरलेलं पेप्टाइड ५० मायक्रोग्रॅमच्या नळ्यांत, कोरडं, उणे २० वर. नळ्या पॉलिप्रोपिलीनच्या. पुढच्या खेपेला इंडक्शन ओडी १ ला करून बघायचं आहे, आणि त्याआधी फ्रीझरखाली थेंब झेलायला पन्हाळ बसवायची आहे, कारण काल पुन्हा शेकरच्या पत्र्यावर पाणी साचलेलं दिसलं.